सालाबादप्रमाणे प्रगती

आमच्या बदलापूरला तेव्हा एकच दुखणं होतं, आणि त्या दुखण्याचं नाव अंबरनाथ. तिथे कारखान्याचा भोंगा वाजायचा. वारा तिकडून असला की तो आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायचा आणि गावातली कर्ती माणसं असा काही उसासा टाकायची, जणू शेजारणीच्या घरी बारसं आहे आणि आपल्याकडे नवसाला देव पावत नाही. त्यात कल्याणच्या बाजूला लष्कराने रिकाम्या केलेल्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन उतरले. त्या वस्तीला पुढे उल्हासनगर असं नाव मिळालं, पण आमच्या तोंडी शेवटपर्यंत ‘कॅम्प’च. नेसत्या कपड्यांनिशी आलेली ती माणसं वर्ष सरायच्या आत पापड लाटायला, बिस्किटं भाजायला, कुलपं दुरुस्त करायला लागली. एका बराकीत शिवण, दुसरीत लोणचं, तिसरीत काय चालतं ते चौथ्याला ठाऊक नाही. आमच्याकडे मात्र परंपरा होती. परंपरा असली की माणसाला दुसरं काही करावं लागत नाही.

तर काहीतरी केलं पाहिजे, म्हणून गावाने समिती केली. समिती करणं हे काहीतरी करण्यातच मोडतं. गावात कारखाने आणायचे, छोट्या धंद्यांना उत्तेजन द्यायचं आणि दर वर्षी पाडव्याला देवळाच्या सभामंडपात झालेली प्रगती गावाला वाचून दाखवायची, असं ठरलं. अध्यक्ष होते मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले एक अव्वल कारकून. जन्मात त्यांनी सुपारीसुद्धा विकली नव्हती, त्यामुळे उद्योगधंद्यावर ते निःपक्षपातीपणे बोलत. चिटणीस म्हणजे आमचे अप्पा. माझे वडील.

पहिल्या वर्षीची प्रगती अशी की समिती स्थापन झाली. दुसऱ्या वर्षी समितीचा फळा तयार झाला. तिसऱ्या वर्षी तो फळा कुठे लावायचा यावर साधकबाधक चर्चा झाली. दर पाडव्याला अप्पा हे सगळं खणखणीत आवाजात वाचत आणि लोक टाळ्या वाजवून गूळखोबरं घेऊन घरी जात. टाळ्या प्रगतीच्या किती होत्या आणि गुळाच्या किती, ते देव जाणे.

अप्पांबद्दल मात्र एक सांगते. माणूस सरळ, काठीसारखा. कल्याणच्या कचेरीत नोकरी, पण तिथली टाचणी कधी घरी आली नाही. आपल्या माणसाचं भलं करणं म्हणजे लाच खाण्याची धाकटी बहीण, असं त्यांचं मत होतं. मी शाळेत पहिली आले तेव्हा बक्षीस समारंभाला हे पाहुणे होते. त्यांनी दुसऱ्या नंबराच्या मुलीला आधी बोलावलं. का? तर लोक काय म्हणतील. लोक काहीच म्हणाले नाहीत. मी मात्र घरी येऊन दोन दिवस तोंड फुगवून बसले होते.

आणि अशा माणसाच्या घरात माझा दादा जन्मला. त्याला नोकरी होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात, हजेरी मांडायची, बसून. ती त्याने सोडली! का सोडली? तर त्याला लाकडी खोकी करायची होती. कारखान्यांचा माल बाहेर जातो तो खोक्यांतून, आणि ती खोकी येतात पार मुंबईहून, हे त्याने तिथे बसून बघितलं होतं. मग स्टेशनच्या रस्त्याला, आमच्याच मालकीच्या एका तुकड्यावर, त्याने शेड उभी केली. वर पत्रा, चारी बाजूंना फळ्या, मधोमध कापायचं मोठं मेज. सावरीचं हलकं लाकूड आणायचं, करवतीने फळ्या पाडायच्या आणि खोकी ठोकायची. हाताखाली पालेगावचे दोघे आगरी भाऊ, भातशेतीतून उरलेल्या वेळात येणारे. पुढे पुढे ते शेतीतून वेळ काढून यायला लागले.

अप्पांना नोकरी सोडल्याचा धक्का बसला होताच. “पाच पिढ्यांत कुणी हातोडी धरली नाही,” एवढंच ते म्हणाले. आई म्हणाली, “पाच पिढ्यांत खिळे मारायला सुतार बोलवत होतो, तेवढं तरी वाचेल.” दादाच्या लग्नाचं बघत होते तेव्हा. मुलीकडचे विचारत, मुलगा काय करतो? आई सांगे, खोकी करतो. ते लोक चहा पीत आणि पत्रिका जमत नसल्याचं कळवत. पत्रिका देऊन झालेलीसुद्धा नसायची!

दादाला त्याचं काही नव्हतं. अंगाला भुसा, कानावर पेन्सिल, आणि डोळ्यांत असा काही आनंद, की मला हेवा वाटायचा. अंबरनाथचे किरकोळ कारखानदार त्याच्याकडून थोडीथोडी खोकी नेत. एक मोठं काम मिळालं की तो पक्की भिंत घालणार होता आणि आणखी चार माणसं ठेवणार होता. संध्याकाळी मी त्याला चहा घेऊन जायचे तेव्हा तो मला पायाने माप टाकून दाखवायचा, इथवर भिंत, इथे लाकडाचा साठा. म्हणायचा, “बघ गं, ही शेड तगली की मी तगलो.”

समितीला दादाची शेड दिसत नव्हती असं नाही. तिच्यावरूनच रोज स्टेशनला जात होते सगळे. पण ती उद्योगधंदा आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. उद्योगधंदा म्हणजे चिमणी, भोंगा, मोटारीतून उतरणारा साहेब. दादा सायकलवरून उतरायचा. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

मग एक वर्षी, पौषातल्या थंडीत, खरोखरच देव पावला. मुंबईच्या एका गुजराती शेठला औषधाच्या बाटल्यांचा कारखाना काढायचा होता, आणि जागा बघायला तो बदलापूरला येणार असं कळलं. गावात जी काही धांदल उडाली म्हणता! स्वागतगीत बसवायला सहा मुली, त्यांत मी. कमान उभारायची ठरली. जेवणात श्रीखंड की बासुंदी यावर बैठक. आणि मग अध्यक्षांना स्टेशनचा रस्ता आठवला.

“पाहुणा उतरल्या उतरल्या काय बघणार?” अध्यक्ष म्हणाले. “न्हाव्याची टपरी, चहाचं हॉटेल, सायकलवाल्याचं खोपट आणि ती... ती फळ्यांची शेड. गावाची काय छाप पडेल? रस्ता कसा स्वच्छ, मोकळा दिसला पाहिजे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. छोट्या धंद्यांना उत्तेजन देणाऱ्या समितीने त्याच दुपारी सगळे छोटे धंदे हलवायचा ठराव केला. एकमताने.

आता सांगायला जायचं कुणी? चिटणिसांनी. न्हावी काही साधा माणूस नव्हता. त्याने त्याच संध्याकाळी टपरीत मारुतीची तसबीर लावली, पुढे उदबत्ती पेटवली आणि देवस्थान हलवायला नकार दिला. हॉटेलवाल्याने आधी अध्यक्षांच्या राहिलेल्या चहाचा विषय काढला. सायकलवाला म्हणाला, “तुमच्या पोराची शेड आधी काढा, मग आमच्याकडे या.”

झालं! नेमकं दुखऱ्या जागेवर बोट. अप्पा घरी आले ते तसेच दादासमोर उभे राहिले.

“शेड काढायची,” ते म्हणाले. “उद्याच.”

“अप्पा, जागा आपली आहे. कुणाच्या बापाची—” दादा जीभ चावून थांबला.

“जागा आपली आहे म्हणूनच. दुसऱ्याला सांगायचं तर सुरुवात आपल्या घरापासून. पाहुणे येऊन गेले की परत उभी कर.”

“काढून परत उभी करायला काय तो लग्नाचा मांडव आहे? माझी दोन माणसं आहेत, हातात काम आहे. आणि मला सांगा, कारखानदार आणायचाय ना तुम्हाला? मग गावात काम होतं हे त्याला दिसू दे की!”

अप्पांनी थोडा विचार केला, असं मला तेव्हा वाटलं. मग म्हणाले, “लोक म्हणतील, चिटणिसाने पोराची शेड तेवढी ठेवली.”

लोक! हे लोक कोण, कुठे राहतात, ते मला आजवर सापडले नाहीत. पण आमच्या घरात त्यांचा मान अप्पांच्या खालोखाल होता. मी काहीतरी बोलायला गेले तर अप्पा म्हणाले, “तू गाण्याची तालीम कर.” सकाळी दादाने आणि पालेगावच्या भावांनी पत्रे उतरवले, फळ्या सोडवल्या, मेज उचललं आणि सगळं बैलगाडीत घालून गावामागच्या खळ्यावर पेंढ्याच्या उडवीशेजारी रचून ठेवलं. त्यातला थोरला भाऊ अप्पांच्या समोरच म्हणाला, “आता आमी काय करावा? भातबी झाला, कामबी गेला.” अप्पा म्हणाले, चार दिवसांचा प्रश्न आहे.

आणि गंमत अशी, की अप्पांनी आपल्या घरापासून सुरुवात केली खरी, पण ती सुरुवात आपल्या घरापाशीच संपली. देवस्थान राहिलं, हॉटेल राहिलं, सायकलवाल्याची ऐन वेळी पाठ धरली, म्हणून खोपटही राहिलं. स्टेशनच्या सगळ्या रस्त्यात एकच जागा लख्ख मोकळी झाली. तिथे कमान उभारली.

शेठ आला. धोतर, लांब कोट, काळी टोपी, बोलायला अगदी साधा माणूस. आम्ही गाणं म्हटलं. हार झाले. भाषणं झाली. मग जेवण, कारण जेवल्याशिवाय पाहुण्याशी कामाचं बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत; आणि जेवण असं घातलं, की जेवल्यानंतर त्याला कामाचं सुचूच नये. तरी तो माणूस जातिवंत धंदेवाला. सुपारी तोंडात टाकत त्याने विचारलं, “जमीन सरस आहे, पाणी पण आहे. पण मला सांगा, इकडे खोका कोण बनवते? बाटली म्हणजे काच. खोका नाय तर माझा माल मुंबईला जाते कसा?”

मी ताक वाढत होते. माझ्या हातातला ओगराळा तसाच राहिला. मी अप्पांकडे बघितलं. अप्पा ताटाकडे बघत होते.

अध्यक्षांना तर जोरच चढला. “छे छे शेठजी! तसला काही कचरा आमच्या गावात नाही. सुतार नाही, भुसा नाही, ठोकाठोक नाही. अगदी शांत गाव.”

“कोणच नाय?”

आता अप्पा बोलतील, मला वाटलं. आता बोलतील. पण अप्पा म्हणजे अप्पा! भर पंगतीत स्वतःच्या मुलाचं नाव पुढे करायचं? जीभ झडली असती त्यांची. मला मात्र राहवेना.

“माझा दादा करतो!” मी म्हणाले. “सावरीच्या लाकडाची. अंबरनाथचे लोक नेतात.”

“मोठ्यांच्या मध्ये बोलू नये,” अप्पा म्हणाले. पण शेठने हात केला. “बोलू दे ने बेटीला. किधर आहे त्याचा कारखाना? दाखवा.”

मग काय विचारता! अध्यक्षांचा चेहरा असा झाला, जणू बासुंदीत माशी पडली. सगळी वरात खळ्यावर निघाली. दादा तिथेच बसला होता, फळ्यांवर. हार घातलेला शेठ आणि मागे फेट्यांची रांग बघून तो उठून उभा राहिला. शेठने रचलेले पत्रे बघितले, मेजाचे वर केलेले चार पाय बघितले.

“ये काय? कारखाना किधर आहे?”

“हाच,” दादा म्हणाला. “परवापर्यंत रस्त्यावर होता. तुमच्या कमानीच्या जागी.”

“का काढला?”

“तुम्ही येणार म्हणून.”

शेठ हसला नाही. त्याला ते कळलंच नसावं; कळण्यासारखं होतं काय त्यात? त्याने एक फळी उचलली, बोट फिरवलं, दादाला दोन-तीन प्रश्न विचारले. मग घड्याळ बघून म्हणाला, “माणूस सारा, चांगला लागते. पण मला चालू कारखाना पायजे. बंद पडलेला मी काय बघू?” गाडीची वेळ झाली होती. अध्यक्षांनी त्याला वाटेत नारळ आणि शाल दिली. परत जाताना तो कल्याणला उतरून कॅम्पात गेला, हे आम्हाला नंतर समजलं.

कॅम्पात काय झालं ते आठवड्याभराने एक सिंधी गृहस्थ स्वतःच सांगायला आला. लेंगा, वर बंडी, पायांत फाटकी चप्पल, बोलण्यात मात्र लाखाची ऐट. शेठने तिथल्या बाजारात विचारलं, खोका कोण बनवतो? दहा माणसं पुढे झाली. त्यातला हा एक. “साईं, मी बोललो, मी बनवतो. कितना चाहिए, बोलो,” तो ओसरीवर बसून सांगत होता. “शेठने ऑर्डर दिली.”

“तुम्ही खोकी करता?” दादाने विचारलं.

“बाबा, मी तर सिंधमध्ये कपडा विकत होतो. मला खोका येत नाही. मला फक्त ‘हो’ येतं.” आणि तो मोकळेपणाने हसला. “शेठ बोलला, बदलापूरला एक मुलगा आहे, चांगला आहे, पण त्याचं दुकान तुटलंय. म्हणून आलो. चल माझ्याबरोबर.”

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आमच्या गावातल्या एवढ्या शहाण्या लोकांना जे एक ‘हो’ येत नव्हतं, ते त्याला येत होतं.

दादाने त्याला सांगितलं, मी इथेच करून देतो, तू माल घेऊन जा. तो कबूल झाला. पण म्हणाला, शेठ महिन्यात एकदा बघायला येणार, चालू शेड दिसली पाहिजे, आणि पहिला माल लगेच हवा. दादा त्याच पावली समितीकडे गेला. शेड परत उभी करतो म्हणाला. चार दिवस केव्हाच होऊन गेले होते. तर अध्यक्ष म्हणाले, “आता रस्ता मोकळा झालाच आहे तर तो मोकळाच राहावा असं सर्वांचं मत पडतंय. शिवाय कमानीला अजून रंग द्यायचाय. पुढच्या बैठकीत विचार करू.” जागा आमची, पत्रे आमचे, आणि विचार ते करणार! दादा अप्पांकडे वळला. म्हणाला, “अप्पा, तुम्ही एक शब्द टाका.”

अप्पा म्हणाले, “माझ्याच घरचा प्रश्न आहे. मला त्यात बोलता येणार नाही.” आणि बैठकीतून उठून बाहेर जाऊन उभे राहिले, निःपक्षपातीपणाने.

पुढची बैठक कधी झाली मला माहीत नाही. दादा तेवढा थांबला नाही. त्याने बैलगाडी सांगितली, खळ्यावरची लाकडं, पत्रे, मेज सगळं भरलं आणि कॅम्पात गेला. त्या सिंधी गृहस्थाच्या बराकीत, महिन्याच्या पगारावर. पालेगावच्या भावांना तिथे जागा नव्हती. बराकीत त्या गृहस्थाचे स्वतःचे भाचे-पुतणे पुष्कळ होते. ते दोघे परत शेतावर गेले. आम्हाला वाटलं, तिकडे शेड तरी उभी राहिली असेल.

बाकी घरात सगळं छान झालं. मुलगा काय करतो? कॅम्पात नोकरीला आहे. लगेच तीन ठिकाणांहून पत्रिका आल्या, आणि तिन्ही जमल्या.

मग पाडवा आला. सभामंडप भरला. दादाही आला होता, कामावरून थेट, मागे शेवटच्या खांबाला टेकून उभा. अप्पांनी वाचायला सुरुवात केली. सालाबादप्रमाणे यंदाही समितीने गावाच्या औद्योगिक उन्नतीसाठी मोलाचे प्रयत्न केले. एका नामवंत कारखानदाराने गावास भेट दिली व भोजनाबद्दल समाधान व्यक्त केले. स्टेशनचा रस्ता मोकळा करण्यात आला. “तसेच,” अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा वर गेला, “गावातील एका होतकरू तरुणास उद्योगक्षेत्रात कायमची नोकरी मिळाली.”

टाळ्या! काय त्या टाळ्या! समितीच्या जन्मापासून पहिल्यांदा कुणाला तरी काहीतरी मिळालं होतं. अध्यक्षांनी मान हलवून त्या स्वीकारल्या. मी दादाकडे बघितलं. तोही वाजवत होता, सावकाश. मला रडूच कोसळलं. गूळखोबरं न घेता मी घरी आले.

संध्याकाळी पानं वाढली. दादा दोन घास जेवला आणि म्हणाला, “अप्पा, तो होतकरू तरुण मीच ना?”

“हो. नाव घेतलं नाही. आपल्याच मुलाचं नाव घेणं बरं दिसत नाही.”

“बरोबर आहे. पण गावात एक धंदेवाला होता. दोन माणसांना त्याने कामाला ठेवलं होतं. तो कुठे गेला, हे कुणी विचारलं का?”

आई म्हणाली, “ताटावर नको रे.”

“बोलू दे त्याला,” अप्पा म्हणाले. त्यांचा हात भातात तसाच होता. मग माझ्या आयुष्यात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात ते म्हणाले, “तू परत ये. मी समिती सोडतो. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. कमान मी माझ्या हाताने पाडतो आणि शेड आपण दोघं मिळून उभी करू. तुझीच लाकडं, घेऊन ये परत.”

दादाने भाताचा घास कालवला, पण तोंडात घातला नाही.

“लाकडं नाहीत, अप्पा,” तो म्हणाला. “शेठचा पहिला माल घाईचा होता, बाजारात फळी मिळेना. त्या शेडचीच खोकी केली मी.”